पहिली फरशी कुणाची

अब्बा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी एक प्रश्न अडला होता, म्हणून तुम्हालाच लिहितोय. तुमच्याबरोबर जन्मभर फरशी बसवणारे आपले मामा तुमचे नक्की कोण होते? नात्यानं कुणी नव्हेत, ते ठाऊक आहे. कामात कोण होते?

झालंय असं, की बिल्डर आपल्या बिलातून आधीच थोडा कर कापून घेतो. तुमच्या वेळीही कापायचे, आणि तुम्ही म्हणायचा, "कापलं ते गेलं, जकात समज, दानधर्मात गेलं." तसं नसतं हो अब्बा! तो आपल्याच नावावर जमा असतो. कामाचा खर्च दाखवला की नफा कमी, नफा कमी की कर कमी, आणि जास्तीचं कापलेलं परत. मला तर ह्याची गंमतच वाटायला लागलीय. कटरची ब्लेडं, हातकणंगल्याच्या साइटला जायचं पेट्रोल, सगळं धरता येतं. मग कर सल्लागार म्हणाले, "माणसाचा पगारही धरू. तो मिस्त्री नोकरच ना तुमचा?"

नोकर? माझ्या जन्माआधीपासून मामा आपल्याकडं. दुपारी तुम्ही दोघं एकत्र जेवायचा, रस्सा आपल्या घरचा, भाकरी त्यांच्या घरची. आणि तो राजारामपुरीतला बंगला आठवतो. दोरी ताणून झालीय, मी मोठ्या हौसेनं पहिली फरशी टेकवतोय, आणि तुम्ही घरमालकासमोर ती उचलून बाजूला ठेवता. "पयली त्येची." बस्स, एवढंच. मामा पुढं होतात, रबरी हातोडीनं हलकेच ठोकतात, आणि मी कोपऱ्यात चडफडत उभा. पहिली चुकली की अख्खं घर तिरकं जातं, कबूल. पण मग तुम्ही स्वतः का नाही बसवायचा? कारण विचारलं तर म्हणायचा, "गप काम कर." तुमच्यामागं मी ती रीत पाळत आलोय, कारण न कळताच.

आता मामांना नोकर म्हणून लिहायचं म्हणजे मला धडकीच. माणूस हट्टी. रुसून बिद्रीकडं आपल्या गावी निघून गेले, तर मी एकट्यानं काय करू? तरी परवा चहाला बसल्यावर भीत भीत विचारलंच, "मामा, कागदावर तुम्हाला माझा कामगार म्हणून लिहू का?"

मामांनी बशीतला चहा संपवला. "लिही की. त्यात काय!"

"पण तुम्ही अब्बांचे कोण?"

"पयलं काम माझं हुतं, लेका. मालकानं मलाच दिलतं. पर हिशेब, बोलणी मला जमत न्हाई. तुझा बा नवखा, पर तोंडानं खमक्या. म्या म्हणलं, तू म्होरं हो, मी मागं ऱ्हातो. त्यो म्हणला, मग पयली फरशी कायम तुझी."

"मग भागीदार म्हणून लिहितो."

"नगं रं बाबा! मग मलाबी त्यो कर भरावा लागंल." असं म्हणून ते खो खो हसले, आणि मला मात्र रडू फुटलं.

तर कामगार म्हणूनच लिहिलंय, त्यांच्या मर्जीनं. आज हातकणंगल्याला पहिली फरशी त्यांनीच बसवली आणि मी पहिल्यांदाच चडफडलो नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या थापीच्या पिशवीत ठेवतो. फक्त एक सांगतो, रागवू नका. इतकी वर्षं मला वाटत होतं, पहिली फरशी तुम्हाला जमतच नव्हती.