याच्यावर साइज येत नाही

कोल्हापूर,
१४ नोव्हेंबर २००२

प्रिय अक्का,

जय जिनेंद्र. आजऱ्याहून धाडलेले काजूगर पोचले. यंदाचे टपोरे आहेत म्हणून आई खूश आहे. तात्यांचा गुडघा बरा आहे. लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. फोनच करणार होते, पण तुमचा फोन बाहेरच्या सोप्यात, सासूबाईंच्या उशाशी. म्हणून लिहितेय.

रिसेप्शनचा घागरा घेतला. चिराग, त्याची आई, आपली आई आणि मी शाहूपुरीत गेलो होतो. आपल्या घरातल्या बायकांचे खांदे तुला ठाऊकच. छातीत बसेल ते कमरेत ढगळ, कमरेत बसेल ते दंडात अडकतं. शेवटी चिरागला एक मरून रंगाचा आवडला.

ट्रायल रूममध्ये चोळीची चेन अर्ध्यावर अडकली. वर जाईना, खाली येईना. श्वास कोंडला. बाहेरून त्याची आई विचारतेय, "बसला काय गं?" शेवटी दुकानातल्या मुलीनं आत येऊन ओढून काढली, पाठ सोलून निघाली. बाहेर जाऊन ती मोठ्यानं म्हणाली, "न्हाय बसत. याच्यावर साइज येत न्हाय."

मी म्हटलं, शिवून घेऊ.

चिराग म्हणाला, "कशाला? महिना हाय की. हिलाच बसवू त्यात."

सगळे हसले. आपली आईसुद्धा. मी पण हसले, अक्का.

तेव्हापासून एकदाच जेवते. घरी सांगितलंय, एकाशन धरलंय. आई गल्लीभर कौतुक सांगते. चिराग रोज संध्याकाळी फोन करतो. बरी आहेस का, हे विचारत नाही. "किती उतरलं?" एवढंच. परवा बालवाडीत मुलांना खिचडी वाढताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि पडले. पित्त झालं म्हणाले सगळे.

काल चिराग आणि त्याची आई आले होते. घागरा घालून दाखवला. चेन वरपर्यंत गेली. आपल्या आईनं डोळे पुसले. चिराग मला मागून-पुढून बघून म्हणाला, "आता हेच माप धरायचं. लग्न झाल्यावर आमची आईच ताट वाढंल तुला."

ते गेल्यावर मी म्हटलं, "आई, मला हे लग्न नको."

ती घागऱ्याची घडी घालत होती. "एका कापडापायी कोण लग्न मोडतं व्हय? तात्यांना काय सांगू मी?"

कापडाचं नाही गं अक्का. त्या घरात माझ्या ताटातली भाकरीसुद्धा माझी नसेल. आईला हे सांगता आलं नाही.

तू ये. दाजींना बस्त्याचं कारण सांग. तात्यांपुढं एकटी उभी राहिले तर नुसती रडेन. तू काही बोलू नको, फक्त शेजारी बस. बोलेन मी.

पत्र मिळेल त्या दिवशी निघ.

अजून तरी आपल्याच आडनावाची,
आदिती