डोलकाठीची खालची बाजू

मी, खाली सही करणारा, होड्यांच्या डोलकाठ्या उभ्या करण्याचं काम जन्मभर केलेला, वय सत्त्याहत्तर, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीची खात्री नाही, म्हणून घाई. हे मी कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. याआधी मी दोन मृत्युपत्रं केली होती. पहिलं मीच फाडलं. दुसरं जपून ठेवलं आणि कुठे ठेवलं ते विसरलो. सापडलं तर ते रद्द समजावं. शाळा माझी लवकर सुटली. वाक्य चुकलं असेल तिथे वारसांनी अर्थ धरावा, चूक धरू नये.

कलम १. राहतं घर. होड्यांच्या यार्डाच्या मागच्या गल्लीतल्या माझ्या दोन खोल्या आणि जिन्याखालची अडगळ मुलाला मिळावी. त्याच्या घरात माणसं जास्त आणि जागा कमी आहे. जिन्याची एक पायरी हलते. मी गेल्यावर लोक भेटायला येतील, त्यात कोणी पडेल आणि ते माझ्या नावावर जाईल. तेव्हा आधी पायरी बसवावी, मग रडावं. गॅसचा कॉक बंद केल्यावर पुन्हा बघावा. नळ मात्र फार आवळू नये, वॉशर जातो. मुलगा म्हणतो, "बाबा, हे मृत्युपत्रात लिहीत नाहीत." तोंडी सांगितलेलं त्याने आजवर ऐकलेलं नाही, म्हणून लिहितो.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलगा आणि मुलगी दोघांना निम्मं निम्मं. यावरून भांडू नये. भांडण्याएवढं ते नाही.

कलम ३. हत्यारं. पाचरी ठोकायची लाकडी मोगरी मुलीला. तिचा दांडा मी दोनदा बदलला आहे, तिच्या हाताला बसेल. पटाशा यार्डातल्या सुताराला. त्यातली एक त्याने मागेच नेली आणि परत दिली नाही, आता त्याचा संच पुरा होईल. यार्डाच्या मालकाला काही नाही. त्याने चार माणसांत मला म्हटलं, "आजोबा, बाजूला व्हा, क्रेन येतेय." क्रेन येत होती हे खरं. पण म्हणायची काही रीत असते. माझी टोपी कोणाला हवी असेल तर घ्यावी. नसेल तर माझ्यासोबत जाऊ द्यावी, मला थंडी लवकर वाजते.

कलम ४. शिडाची होडी. ही मी आणि धाकट्या भावाने मिळून बांधली, पण कागदावर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ती धाकट्या भावाला मिळावी.

असं का, हे मुलगी विचारणार. होडी चालवते ती. सुकाणू हातात आलं की तिचा चेहरा तिच्या आईसारखा होतो. तरी मी ती तिला देत नाही, याचा तिला राग येईल आणि तो योग्यच आहे. म्हणून कारण लिहितो.

डोलकाठी डेकवर उभी नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. डेकला भोक असतं. त्यातून ती खाली केबिनमध्ये उतरते आणि होडीच्या तळाशी खोबणीत बसते. काठी आणि भोकाची कड यांच्यात बोटभर फट ठेवावी लागते, नाहीतर काठी डेक चिरून काढेल. त्या फटीत चहूबाजूंनी लाकडाच्या पाचरी ठोकायच्या. एक पुढून ठोकली की दुसरी तिच्या बरोबर समोरून. वर कॅनव्हासची गळपट्टी. ती आधी उलटी धरून काठीला दोरीने आवळायची आणि मग मोजा उलटवावा तशी खाली दुमडून डेकवर पक्की करायची, म्हणजे गाठ आत राहते आणि पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. हे झालं वरचं.

खालचं वेगळं. केबिनमध्ये दिवा घेऊन एक माणूस लागतो. काठी सरकते आहे की बसली, ते त्यालाच दिसतं. शीड ताणलं की डेक वर उचलला जाऊ नये म्हणून तो खालून सळईने काठीला बांधलेला असतो. ती सळई किती आवळायची, हेही खालच्याच माणसाच्या हातात. वर मी आणि खाली भाऊ, असंच आम्ही आयुष्यभर केलं. मी ठोकायचो, तो खालून ओरडायचा, "दादा, पुरे. जीव घेशील तिचा." मला अजूनही त्याच्याशिवाय पुरे कळत नाही.

खालची बाजू कधी बंद करायची नसते. वरून पाणी येऊ द्यायचं नाही, आणि आलंच तर त्याला खालून जाऊ द्यायचं. थेंब पडतो तो पडू द्यायचा. भावाला हे माझ्याइतकंच माहीत आहे. पण माझी बायको आजारी होती तेव्हा तिला घरात कोंडल्यासारखं व्हायचं आणि ती दुपारची होडीत जाऊन झोपायची. थेंब नेमका तिच्या उशाशी. ती उशी उलटी करून पुन्हा झोपायची. भावाला ते बघवलं नाही. त्याने एक दिवस फट खालून रबर भरून बंद केली, वहिनीची उशी कोरडी राहावी म्हणून. ती कोरडी राहिली. ती गेली त्यानंतरही रबर तसंच राहिलं, कोणाला सुचलं नाही. वरून झिरपलेलं पाणी पाचरींमध्ये अडकून राहिलं आणि काठी आतून कुजली. बाहेरून रंग छान होता.

पुढे एका वाऱ्यात काठी डेकपाशी मोडली. सुकाणूवर मुलगी होती. दोरखंड तिच्या खांद्यावर बसला. तो खांदा अजून दुखतो. धक्क्यावर आल्यावर ती सगळ्यांदेखत काकाला म्हणाली, "काका, तुम्ही मोडलीत ती." भाऊ मोडलेल्या काठीचे दोर सोडवत राहिला. नवी काठी करताना तो आला, खालचं काम केलं, पण ती यार्डात आली की हा हत्यारं गोळा करून घरी. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

मी तिला म्हटलं, "तुझ्या आईसाठीच केलं ना त्याने?"

"माहीत आहे, बाबा. आईसाठी केलं म्हणून काठी कुजायची थांबली का?"

"मग तू एकदा जाऊन बोल त्याच्याशी."

"काय बोलू? मी म्हणाले ते खरंच होतं. खरं बोलल्याची माफी कशी मागतात, ते सांगा, मागते."

भाऊ तर घुम्माच. दोघांच्या मधे माझी ही अवस्था, धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

दर वर्षी काठी उतरवून ठेवतो, ती यंदा अजून यार्डात लाकडी टेकूंच्या घोड्यांवर आडवी आहे. दोन पाचरी ठोकल्या की मला दम लागतो, म्हणजे वरचं काम माझ्याने होणार नाही. होडी मुलीला दिली तर भाऊ खाली उतरणार नाही आणि तिला एकटीला दोन्ही बाजू जमणार नाहीत. मुलगा म्हणतो, आता ओतायचं रबर मिळतं, फट भरली की काम झालं. ते चांगलं असेलही. पण रबर म्हटलं की माझी झोप उडते. म्हणून होडी भावाला, त्याला दोन्ही बाजू कळतात. निदान बुडणार तरी नाही. कलम ४ समाप्त.

कलम ४ रद्द. हा कागद तपासणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, खाडाखोड करू नका, रद्द म्हणून लिहा आणि खाली पुढे चला. म्हणून तसं केलं आहे. कारण असं की काल भाऊ आला. चपला दारात काढायच्या आधीच म्हणाला,

"दादा, मला होडी लिहून दिलीस म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"वकीलबाईंना विचारायला गेलो, साक्षीदार लागत असेल तर मी येतो म्हणून. त्या म्हणाल्या, तुम्हाला नाही चालणार. ज्याला मिळतं त्याची साक्ष घेत नाहीत."

"मग दुसरा बघू. त्यात काय."

"दुसरा कशाला? मीच करतो."

"अरे, तू साक्ष केलीस तर तुला होडी मिळणार नाही."

"तेच तर म्हणतोय."

मी त्याला बसवलं, चहा ठेवला, कॉक बघितला. त्याला म्हटलं, निम्मी मेहनत तुझी आहे, नाव तेवढं माझं लागलं, मग नको का म्हणतोस. त्याने चहा बशीत ओतला. मग म्हणाला, "मला वर उभं राहवत नाही. काठी मोडली तो आवाज मी धक्क्यावर ऐकला होता. वर चढलं की तोच ऐकू येतो. मी होडी घेऊन करू काय, केबिनमध्ये बसून राहू?"

"मग विकायची का?"

"विकायची कशाला? तिला दे. वरचं तिला येतं. तुझ्यापेक्षा हलकं ठोकते ती, खरं सांगायचं तर."

"आणि खाली कोण?"

यावर त्याने कप विसळून पालथा घातला आणि गेला. जाताना जिन्याची पायरी हलते म्हणून मलाच बोलला.

कलम ५. होडी, नवी डोलकाठी, दोन्ही शिडं आणि सुकाणू मुलीला मिळावं. त्यावर मुलाने किंवा इतर कोणी हरकत घेऊ नये. मुलीने काकाला स्वतः जाऊन बोलवावं, अशी मी अट घालणार होतो. वकीलबाई म्हणाल्या, असली अट कोर्टात टिकत नाही. कोर्टाचं मला काय, घरात टिकली असती तरी पुरे होतं. म्हणून अट घालत नाही, सांगून ठेवतो. खाली उतरायला माणूस नाहीच मिळाला तर तिने यंदा होडी पाण्यात सोडू नये. एक हंगाम जमिनीवर राहिल्याने होडी मरत नाही. पाचरी फार सुकल्या असतील तर नव्या कराव्यात. खालची फट मोकळी ठेवावी. तिथून थेंब पडेल. त्याखाली एखादं भांडं ठेवावं आणि स्वस्थ झोपावं. मला ते कधी जमलं नाही.

आणखी काही राहिलं असेल तर ते सुचेपर्यंत मी थांबू शकत नाही, दमलो आहे. वर लिहिलं ते मी स्वतः वाचून, जिथे अडलो तिथे वाचून घेऊन, समजून सही केली आहे.

स्थळ: यार्डामागच्या गल्लीतली माझी पुढची खोली.
दिनांक: होड्या पाण्यात सोडायच्या आधीचा रविवार. आकडा वकीलबाईंनी घालावा, मला खात्री नाही.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार पहिली: वरच्या मजल्यावर राहणारी, शिडं शिवणारी शेजारीण. सही माझ्यासमोर केली. करताना त्यांचं बोलणं नेहमीसारखंच चालू होतं.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. सही माझ्यासमोर केली. दादाचं डोकं ठिकाणावर आहे. मला या कागदाने काही मिळत नाही, हे मला मान्य आहे. कलम ५ वाचलं. बोलावणं नको. होडी सोडायच्या दिवशी सकाळी मी दिवा घेऊन केबिनमध्ये असेन. तिने वरून ठोकायला सुरुवात करावी.