वरच्या चौकीतला तास

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, रस्ते खात्यातला निवृत्त बर्फगाडीचालक, राहणार खिंडीच्या रस्त्यालगतच्या गल्लीतलं शेवटचं घर, हे माझं मृत्युपत्र माझ्याच स्वयंपाकघरात भट्टीशेजारी बसून राजीखुशीने लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत आहे. छाती तितकीशी नाही, म्हणून तर हा उद्योग. डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. कोणी दमदाटी केलेली नाही, काही पाजलेलं नाही, गोड बोलून सही मागितलेली नाही. गोड बोलायला घरात आहे कोण? वकिलांनी दीड पानी मसुदा करून दिला होता. चांगला होता, पण वाचताना आपण आधीच गेलो आहोत असं वाटायला लागलं. म्हणून हे स्वतःच्या अक्षरात. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, त्याला इलाज नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागचं लाकडांचं छप्पर आणि त्यात रचलेली लाकडं, हे सर्व माझ्या एकुलत्या एका मुलीच्या नावे करत आहे. ती समुद्राकाठच्या शहरात परिचारिका आहे. उन्हाळ्यात चार दिवस येते, हिवाळ्यात येत नाही. थंडी सोसत नाही म्हणते. हीच पोरगी लहानपणी ओठ निळे पडले तरी बर्फावरची घसरगाडी सोडून आत यायची नाही. आई दारातून ओरडून ओरडून दमायची. विकण्याआधी एक हिवाळा इथे काढावा अशी अट मी घालणार होतो. वकील म्हणाले, घालता येईल. मग मनात आलं, मेलेल्या माणसाच्या धाकाने पेटवलेल्या भट्टीजवळ कोण सुखाने बसेल? तेव्हा अट नाही. ठेव, वीक, भाड्याने दे. एवढंच सांगतो की पहिला मोठा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी सकाळी या स्वयंपाकघरात उजेड खालून येतो, बाहेरच्या बर्फावरून उसळून थेट छतावर. तेवढं एकदा बघ आणि मग काय ते ठरव.

कलम २. बँकेत जे काही असेल तेही तिचंच.

कलम ३. फावडी तीन, कुऱ्हाडी दोन आणि चाकांच्या साखळ्या मागच्या गल्लीतल्या सुताराला द्याव्यात. माझी करवत त्याच्याकडे चौदा वर्षं आहेच. तीही आता त्याचीच समजावी. मात्र ती त्याने ‘दोन दिवसांत आणून देतो’ असं म्हणून नेली होती, हे या कायदेशीर कागदावर मुद्दाम नमूद करतो.

कलम ४. निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ खात्यातल्या साहेबांना परत करावं. एकतीस हिवाळे खिंड मोकळी ठेवली, त्याबद्दल घड्याळ. तेही दुसऱ्या महिन्यात बंद पडलं. साहेबांनी भाषणात माझं नावसुद्धा चुकीचं घेतलं होतं. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या, त्याचा अजून राग येतो.

कलम ५. आता स्वयंपाकघर. इथली प्रत्येक वस्तू माझ्या बायकोची आहे, मी फक्त राखणदार.

हिला हिवाळा फार आवडायचा. लोक कंटाळून खाली उतरायचे, आणि ही पहिली हिमाची भुरभुर दिसली की पोरीसारखी खिडकीत. दिवसभर भट्टी धगधगती. सकाळी पाव, मग त्याच धगीवर सफरचंदं, मग उरलेल्या उबेत कांद्याचं सूप तासन् तास. दुपारी भट्टीच्या विटांना पाय टेकून अक्रोड फोडत बसायची. दर हिवाळ्यात एकदा तरी म्हणायची, ‘अहो, एक दिवस नुसते बसा ना इथे. काही करू नका. बसा.’ मी म्हणायचो, ‘आणि खिंड कोण उघडणार, तुझा काका?’ हसायची. एकतीस वर्षं मी हाच विनोद केला आणि ती एकतीस वर्षं हसली. मला तिच्याजवळ बसायचं होतं हो. मला वाटायचं, निवृत्त झालो की बसूच.

ती गेली आणि दहा महिन्यांनी मी निवृत्त झालो.

मग तिची पाककृतींची वही उघडली. मला तोवर चहासुद्धा धड येत नव्हता. सूप जमलं, सफरचंदं जमली. अक्रोडाचा पाव मात्र काही केल्या जमेना, आणि मला तोच हवा होता. तो भाजताना घराला जो वास यायचा, त्या वासात मी रोज बूट काढले आहेत. वहीत पीठ, यीस्ट, मध, मीठ सगळं वाट्या-चमच्यांनी लिहिलं आहे. वेळ मात्र अशी: ‘गाडी वर गेली की मळून झाकणे. गाडी खाली आली की भट्टीत.’ गाडी म्हणजे माझी बर्फगाडी. घरावरूनच जायची. हिला घड्याळ नको होतं, मी होतो.

पहिल्या हिवाळ्यात मी नव्या चालकाच्या गाडीवर भरवसा ठेवला. ती नवी गाडी, तासाभरात खिंडीपर्यंत जाऊन खाली येते. पाव निघाला तो दगड. मग डोक्यात प्रकाश पडला की आपली जुनी गाडी तास वर जायला आणि तास खाली यायला घ्यायची, म्हणजे दोन तास. दोन तास ठेवला. दगडाची वीट झाली, एवढीच प्रगती. यीस्ट वाढवून पाहिलं, तर आंबट. पाणी बदललं, पीठ बदललं, भट्टीला शिव्या दिल्या. चार हिवाळे असेच गेले.

गेल्या वर्षी जानेवारीत झाकलेल्या पिठासमोर बसलो असताना मला तिसरा तास आठवला. तो मी हिशेबातच धरला नव्हता, कारण तो मी कधीच कोणाला सांगितला नव्हता. त्या दिवशी आणखी एक तास थांबलो. पीठ टम्म फुगलं. पाव भाजला, घरभर तो वास सुटला, आणि मी उभ्या उभ्या गरम तुकडा तोंडात घालून ढसाढसा रडलो.

कलम ६. परसातलं अक्रोडाचं झाड, बायकोची वही आणि पितळी पातेलं हे बायकोच्या धाकट्या बहिणीला, जी शेजारच्या घरात राहते, द्यावं. तिला सगळे धाकटी म्हणतात, वय पासष्ट झालं तरी. ही गेल्यापासून दर रविवारी ती माझ्यासाठी सूप घेऊन येते, समोर बसून प्यायला लावते आणि वाडगा धुऊन घरी जाते. मुलगी एकदा फोनवर माझ्याबद्दल वाकडं बोलली, तर धाकटीने तिला झापलं, ‘बापाला बोल लावू नकोस. रस्ता बंद होता आई गेली त्या दिवशी.’
(कलम ६ रद्द. कारण कलम ८ मध्ये. सही.)

कलम ७. रस्ता बंद नव्हता.

तिसऱ्या तासाचं आता लिहितो. खिंडीच्या माथ्यावर खात्याची चौकी आहे. आत शेगडी, दोन खुर्च्या आणि एक चौकीदार. तोही आता हयात नाही. रोज वर पोचलो की मी तिथे तासभर बसायचो. पत्ते खेळायचो, पाय शेकायचो. घरी सांगितलं होतं की वरच्या वळणांवर गाडी अगदी रांगते. वर सगळं पांढरं असतं, रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते ते डोळ्यांना कळत नाही. चौकीत तासभर मी कोणाचाच नसायचो, ना खात्याचा ना घरचा. आवडायचं मला ते. एकतीस हिवाळे, रोज एक तास. त्या तासात हीसुद्धा एकटीच शेकत बसलेली असायची, इथे, खाली.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत हिच्या छातीत कळ आली. धाकटीने खात्यात फोन केला, खात्याने गाडीतल्या वायरलेसवर मला हाका मारल्या. गाडी बाहेर उभी होती आणि मी आत शेगडीला पाय लावून पत्ते खेळत होतो. जिंकत होतो, हेही लिहितो. खाली आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. धाकटी दारात उभी होती. तिनेच विचारलं, ‘भावोजी, रस्ता बंद होता का हो?’ मी म्हटलं, ‘हो. कडा कोसळला होता.’ तिने माझ्या हाताला धरून आत नेलं.

डॉक्टर म्हणतात, तासभर आधी आला असतात तरी काही फरक पडला नसता. जीव वाचवायला मी थोडाच येणार होतो? हात धरायला येणार होतो. शेवटी धाकटीच होती तिच्याजवळ. हिने माझ्याबद्दल विचारलं का, माझं नाव घेतलं का, हे तिला पुसायची मला सहा वर्षं हिंमत झाली नाही. खोटं बोलणाऱ्याने कोणत्या तोंडाने विचारायचं?

वकील म्हणाले, हे मृत्युपत्रात कशाला, पाकिटात बंद करून ठेवा, मागाहून उघडतील. म्हणजे मी सुटलो आणि मुलगी नि धाकटी बसल्या कुढत! नाही. या कागदाची नक्कल मुलीला टपालाने पाठवत आहे. आणि धाकटीला मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

कलम ८. वरचं सर्व रविवारी धाकटीला वाचून दाखवलं. ती वाडगा माझ्यासमोर ठेवून बसली होती. सुताराच्या करवतीला हसली. सातव्या कलमाला तिने माझ्याकडे बघणं सोडलं आणि खिडकीकडे बघत राहिली.

‘संपलं?’ तिने विचारलं.

‘संपलं.’

‘सूप गार झालं तुमचं,’ म्हणाली, आणि शाल घेऊन निघून गेली. वाडगा मीच धुतला.

चार दिवस तिच्या धुरांड्याचा नुसता धूर दिसत होता. मी दोनदा तिच्या दारापर्यंतचा बर्फ उपसला. दोन्ही वेळा दार उघडलं नाही. ‘बर्फ उपसायला नवा चालक येईल, तुम्ही नको,’ असं म्हणून तरी शिवी घालावी, तेही नाही. इतकं एकटं मला ही गेली तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा धाकटी होती.

आज सकाळी ती आली. बूट झटकले, बसली.

‘साक्षीदार कोण घेतलेत?’

‘एक डॉक्टर. दुसरा शोधतोय. गल्लीत आहेच कोण आता, सगळे खाली उतरलेत.’

‘मी करते सही.’

‘अगं, तुला झाड ठेवलंय. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, वकील म्हणाले.’

‘मग झाड खोडा.’

‘आणि वही?’

‘वहीपण खोडा. पातेलंही. मला काय करायचंय तुमचं पातेलं?’

‘धाकटे, असं रागावून—’

‘रागावलेच आहे मी! कोणी सांगितलं तुम्हाला, मी रागावले नाही म्हणून? खोडा म्हटलं ना. ताईचं शेवटचं मी पाहिलंय, तर या कागदावर माझी सही नको?’

म्हणून कलम ६ रद्द केलं आहे. झाड, वही आणि पातेलं घराबरोबर मुलीकडे जातील. मुली, मावशीला अक्रोड लागले तर मुकाट्याने नेऊ दे. हे कलम नव्हे, विनंती आहे.

धाकटी आत्ता समोर बसली आहे, डॉक्टरांची वाट बघत. तोंडाने विचारणं काही जमत नाही. तेव्हा इथेच लिहितो, कारण सहीआधी ती हे वाचणार आहे. धाकटे, हिने शेवटी माझ्याबद्दल विचारलं होतं का? नाही विचारलं, तर तसं लिही. सांगायचं नसेल, तर नुसती सही कर. मी परत विचारणार नाही.

वरचं सर्व मी स्वतः लिहिलं आहे, माझ्या माहितीतलं आहे आणि ते खरं आहे. खाली दोघांच्या देखत सही करत आहे.

ठिकाण: घरचं स्वयंपाकघर. तारीख: १९ डिसेंबर, सकाळचे अकरा.

(सही)
निवृत्त बर्फगाडीचालक, घरमालक

साक्षीदार पहिला:
(सही) डॉक्टर. यांनी माझ्यासमोर सही केली. मनाने ठणठणीत आहेत. जिने चढू नयेत.

साक्षीदार दुसरी:
(सही) यांच्या बायकोची धाकटी बहीण. माझ्यासमोर सही केली.

विचारलं होतं. म्हणाली, ‘गाडी आली का गं?’ बाहेर नुसता बर्फ पडत होता, आवाज कसलाच नव्हता. मी म्हटलं, ‘आली गं ताई, खालच्या वळणावर आहे.’ ती म्हणाली, ‘हो, येतेय ऐकू,’ आणि डोळे मिटले. खोटं त्या दिवशी मीही बोलले, भावोजी. सांगायला सहा वर्षं थांबले, तुम्ही कधी विचारलंच नाहीत.