पंखाखालची उदबत्ती

खंडेनवमी

प्रातःकाळी सहकुटुंब विमानतळावर. फ्लाइंग क्लबच्या एकुलत्या एक विमानाचे शस्त्रपूजन. पौरोहित्य अस्मादिकांकडे, यवतमाळच्या वकीलवर्गात शुद्ध संस्कृताचा उपद्रव देणारा दुसरा इसम नाही. पुष्पकास हळदकुंकू, झेंडूचा हार, लिंबू-मिरची. मेकॅनिक रहीमभाई पेट्रोलच्या टाकीपुढे हात पसरून उभे: "वकीलसाहेब, दिवा लांब! दिवा लांब!"

उदबत्ती खोचायला केळे हवे, ते घरी राहिले. सौ. प्रत्युत्पन्नमती. पंखाखाली बोटभर नळी दिसली, तीत दोन उदबत्त्या खोचल्या. शोभा अवर्णनीय.

उद्या चि. मृणाल प्रथमच एकटी उडणार. सौ.चे ओठ सारखे हलत होते. स्तोत्र असावे.

विजयादशमी

सीमोल्लंघन झाले. अक्षरशः.

कन्या उडाली उत्तम. उतरताना वेगाचा काटा फारच कमी दाखवू लागला, म्हणून तिने वेग वाढविला. पुष्पक धावपट्टीवर टेकले, थांबेना, कुंपण तोडून शेजारच्या कपाशीत. नाक मातीत, शेपूट नभोमंडळात. शीर्षासन.

चि. स्वतः चालत आली. कपाळाला खोक, केसांत कापूस. "बाबा, मी ठीक आहे. आईला धरा." धरले. मला कोणी धरले ते आठवत नाही. बहुधा रहीमभाई.

शेताचे मालक नामदेवराव मोडलेल्या पऱ्हाटीकडे पाहत: "आधी बोंडअळी, मंग लाल्या, आता इमान. वरून यायचं एवढंच राह्यलं होतं." मग चि.ला, "लागलं तं नाही नं बाई तुले?"

आश्विन शु. ११

सौ.चा निकाल, अपील नाही: पोरीने यापुढे जमिनीवर राहायचे.

चि. जेवली नाही.

"काहून? जमिनीवर माणसं राहत नाहीत?" सौ.ही जेवली नाही. अस्मादिक जेवले, घरात कोणी तरी परंपरा राखली पाहिजे.

द्वादशी

रहीमभाईंचा निरोप, म्हणून मी व चि. गेलो. ती नळी म्हणजे विमानाचे घ्राणेंद्रिय. समोरचा वारा तीतून आत जातो, तेव्हा काट्यास वेग कळतो. रहीमभाईंनी तळहात उघडला: बांबूच्या काडीचा तुकडा, थोडी राख. अद्यापि सुगंधी.

"क्लबच्या कप्तानसाहेबाले सांगतलं, नळीत कचरा होता. बिटियाची गलती नाही, बस. भाभीचं नाव कायले?"

चि.: "आईला कळता कामा नये, बाबा. माझी शपथ."

म्हणजे खटला एका वाक्यात जिंकून देणारा पुरावा खिशात, आणि तो दाखल करावयाचा नाही. वकिलीत प्रथमच.

चतुर्दशी

भोजनसमयी युक्तिवाद. जिन्यावरून पडून माणसे मरतात, तरी आपण माळ्यावर चढतोच, इत्यादि.

"तुमचं कोर्ट कोर्टात ठेवा." वरण वाढता वाढता थांबली. "काटा काहून बिघडला म्हणे?"

"कचरा."

"कसला?"

"सूक्ष्म."

बराच वेळ माझ्याकडे पाहिले. मग वरण वाढले, दुप्पट.

कार्तिक शु. ५

पुष्पकास नवे चाक, नाकावर नवा पंखा. क्लबचा निरोप: चि.ने यावे. चि.ने निरोप वाचला, घडी घातली, आईपुढे ठेवला, भाजी निवडायला बसली.  

कार्तिक शु. ७, विमानतळ

इथेच बसून लिहितो. सकाळी सौ. लुगडे बदलून दारात उभी: "चला. मी पण येते."

हातात पूजेचे ताट. विमानाकडे गेलीच नाही. पार कुंपणापाशी, मोडक्या पऱ्हाटीजवळ, ताट जमिनीवर मांडले. पदराआडून केळे काढले. उदबत्ती त्यात खोचली.

रहीमभाईंनी माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे. तिला कोणी सांगितले? ते नव्हेत, चि. नव्हे; अस्मादिक तर शपथबद्ध.

चि. आईच्या पाया पडली आणि उडाली. एकटी. आता ढगामागे आहे. आवाज येतो, विमान दिसत नाही.

"काटा बरोबर दाखवत असेल नं?" सौ.

"असेल."

एक श्लोक आठवून पाहिला. आठवेना.

उदबत्ती निम्मी झाली. राख केळ्यावर पडते, ती सौ. बोटाने पुसते आणि पुन्हा वर पाहते.