विशूच्या पिंडाचा कावळा

बिबवेवाडी, ६ जानेवारी २०२६

चि. अभयास,
अ. उ. आ.

इकडे माउलीच्या कृपेने बरे म्हणायचे. गिरणी पुन्हा सुरू केली.

पेपरात तुझा फोटो पाहिला. पोलिसांच्या गोळीने कुणी दगावलं तर चौकशी कशी व्हावी, हे ठरवणाऱ्या समितीत तू नागरिकांचा सदस्य. लोक दळणाचा डबा ठेवता ठेवता माझं अभिनंदन करून जातात, जणू घरात लग्न ठरलंय. मुलगा माझा गेला, खुर्ची धाकट्या भावाला मिळाली. फोनवर तुझ्या वकिली आवाजापुढे माझं तोंड उघडत नाही, म्हणून पत्र.

दहावा मनातून जात नाही. पिंड ठेवला आणि कावळा घाटाच्या भिंतीवर बसून राहिला. मी म्हटलं, विशू, तुझी गाडी विकणार नाही. आईला अंतर देणार नाही. तुझ्या नावाने रोज माळ ओढीन. कावळा मान वाकडी करून नुसता बघत होता. मग तू पुढे झालास आणि म्हणालास, दुसऱ्या कुणाच्या पोरावर ही वेळ येऊ देणार नाही. तो लगेच उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. मला मात्र वाटलं, ज्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली त्याने शेवटी काकाचा शब्द धरला, बापाचा नाही. हल्ली जपाला बसलो की विठ्ठलाआधी तो कावळाच दिसतो.

सौ. उत्कर्षाला आशीर्वाद. माया आहे म्हणून रागाने लिहितो, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
साईनाथ


कोथरूड, ११ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उत्कर्षाने आधी वाचलं. म्हणाली, दादांनी शालजोडीतला मारताना शाल घरीच ठेवली.

समितीत खुर्ची आहे, चहा आहे, बिस्किटंही आहेत. अडलंय एका कलमाशी. घरच्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय चौकशी बंद करायची नाही, असं मी मसुद्यात घातलं. एक निवृत्त अधिकारी म्हणाले की घरचे घटनेच्या जागी नसतात, ते येऊन फक्त रडणार. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेवीस तारखेच्या बैठकीत ते कलम बहुतेक गळेल.

विशूच्या अहवालात काय लिहिलंय ते तुम्हाला पाठ आहे. नाकाबंदीवर ओरडूनही दुचाकीस्वार थांबला नाही, संशय आला, गोळी झाडली. त्याला डाव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नव्हतं आणि शिपाई डावीकडे उभा होता. हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक, पण आपल्या घरी विचारायला कोण आलं? त्याच्या प्रकरणावर मी बोलायचं नाही, असं पहिल्याच बैठकीत ठरलंय, कारण मी काका. दादा, तुम्ही येऊन सांगा. तुमच्याशिवाय माझा शब्द पुरा होत नाही.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी चालेल, परकं करू नका.

आपला,
अभय


बिबवेवाडी, १५ जानेवारी

चि. अभयास,
अ. उ. आ.

यंदा आमच्याकडे सुतकाचं वर्ष, तिळगूळ नाही. त्यामुळे गोड बोलायचं बंधनही नाही. तू टेबलापलीकडे बसणार आणि मी अर्जदारासारखा अलीकडे उभा राहून पोराचा कान समजावून सांगणार? शब्द तू दिलास, कावळ्याने तो घेतला. आता तूच पाळ. मी येणार नाही.

तुझ्या वहिनीने पत्र वाचलं. त्या दिवशी पोह्यांत मीठ दुप्पट पडलं.

तरीही तुझाच,
साईनाथ


कोथरूड, २४ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी काल एकट्या बसने बैठकीला आल्या, हे तुम्हाला कळलं असेलच. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, विशूशी बोलायचं तर उजवीकडे जावं लागे, जेवताना मी कायम त्याच्या उजव्या हाताला बसायचे. अधिकाऱ्यांनी विचारलं, रस्त्यावरच्या शिपायाला हे कसं कळावं? वहिनी म्हणाल्या, कळणार नाही, साहेब. म्हणून तर नंतर घरी येऊन विचारायचं असतं.

मग ते अधिकारीच म्हणाले, कलम राहू द्या.

नवा नियम मागच्या प्रकरणांना लागू नाही, विशूची चौकशी बंद ती बंदच. हे मी वहिनींना जिन्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, आणि बसथांबा कुठे ते विचारलं.

आपल्या रागालाही पात्र राहावं, एवढंच मागणं.

आपला,
अभय


बिबवेवाडी, २८ जानेवारी

चि. अभयास,
अ. उ. आ.

त्या दिवशी तुझी वहिनी घरी आली, चपला काढल्या आणि कुकर लावला. मला न सांगता का गेलीस, असं मी विचारलं. म्हणाली, मीही शब्द दिला होता. घाटावर आपण दोघे पुढे होतो, बायका मागे. तिथून तिने मनातल्या मनात विशूला सांगितलं होतं की तुझ्या कानाचं मी त्यांना सांगेन, तू जा. वर म्हणाली, तुम्ही दोघे भाऊ कावळ्यापुढे भाषणं करत होतात. त्याने कुणाचं ऐकलं, हे त्याला विचारलंत का?

आजवर एकट्या तुझा हेवा करत होतो, आता हेवा करायला घरातही एक माणूस झालं.

एक सांगतो. ती अजून डावीकडे विशूची जागा सोडूनच जेवायला बसते. काल मी माझं ताट उचललं आणि त्या जागेवर जाऊन बसलो. ती उठा म्हणाली नाही. थोड्या वेळाने माझ्या उजव्या कानाशी हळूच म्हणाली, भात घ्या.

रविवारी उत्कर्षाला घेऊन जेवायला ये. लोभ तुमच्याकडचा आणा, हेवा माझ्याकडे पुरेसा आहे.

तुझा,
साईनाथ