‘कापसाखालचा माणूस’ या कादंबरीच्या कापलेल्या शेवटच्या प्रकरणाबाबत

प्रति,
मा. प्रशासक,
रेणाकाठ सार्वजनिक वाचनालय,
रेणापूर, जि. लातूर.

अर्जदार : सौ. अंबिका रुद्रेश बिराजदार, मेडिकल दुकान, मोंढा रोड, रेणापूर.

विषय : महिला कक्षाचे कुलूप निघणे, त्यातील सोयाबीन हलवणे आणि कर्तबगार नायिका असलेल्या ऐतिहासिक व रहस्य कादंबऱ्यांच्या शिफारशीवर फेरविचार होणे, याबाबत.

संदर्भ : ग्रंथनिवड उपसमितीचे पत्र. (त्यावर जावक क्रमांक नाही, तारीख नाही. सही आहे, पण ती कोणाची हे उपसमितीतही कोणी सांगत नाही.)

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपल्या वाचनालयाची जुनी सभासद असून, दर बुधवारी दुपारी महिला कक्षात भरणारा ‘वाचन कट्टा’ चालवते. कट्ट्यावर मोंढ्यातल्या, बसस्टँडमागच्या आणि शाळेच्या गल्लीतल्या बाया येतात. एकजण मोठ्याने वाचते, बाकीच्या ऐकतात, मध्येच भांडतात. भांडण पुस्तकातल्या माणसांवरून असते, त्यामुळे ते घरी नेता येत नाही. हाच काय तो आमचा उपद्रव.

२. गतवर्षी वाचनालयाने फलकावर सूचना लावली की, सभासदांनी खरेदीसाठी पुस्तके सुचवावीत. आम्ही सूचना खरी मानली. ही आमची पहिली चूक. आम्ही दोन कादंबऱ्या सुचवल्या. त्यांची शिफारस येथे पुन्हा करते, कारण मागच्या वेळी ती कोणी वाचली नसावी असे उत्तरावरून दिसते.

पहिली, ‘वेशीची किल्ली’. निजामाच्या अमलातली एक गढी. बाहेर वेढा पडलेला असताना किल्लेदार तापाने जातो आणि त्याची बायको गौराई ही बातमी आत दाबून ठेवते. पडद्याआडून नवऱ्याच्या आवाजात हुकूम सोडते. रडायला तिला वेळ मिळतो तो वेढा उठल्यावरच, आणि तोवर रडूच येत नाही. ते पान वाचताना आमच्या कट्ट्यावर कोणी चहाला हात लावला नव्हता.

दुसरी, ‘कापसाखालचा माणूस’. हदगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगाखाली मुनीम मेलेला सापडतो. सगळे म्हणतात, ढीग कोसळून गुदमरला. निवृत्त नर्स दमयंती तेवढी प्रेत पुसून घेते आणि तिच्या ध्यानात येते की मेलेल्याच्या नाकात कापसाचा एक तंतू नाही. म्हणजे कापूस अंगावर पडण्याआधीच त्याचा श्वास थांबला होता. तिथून ती जी मागे लागते, ती शेवटच्या प्रकरणापर्यंत थांबत नाही. आम्हाला मात्र थांबावे लागले, त्याचे कारण पुढे दिले आहे.

३. यावर ग्रंथनिवड उपसमितीने, म्हणजे तिचे अध्यक्ष व मोंढ्यातले धान्याचे आडते श्री. सिद्रामप्पा यांनी, संदर्भातील पत्र दिले. ‘वेशीची किल्ली’बाबत आक्षेप असा की, किल्लेदार मेल्यास किल्ला भावाकडे जातो, बायकोकडे कसा गेला याचा ऐतिहासिक पुरावा जोडावा; तसेच नायिका घोड्यावर बसली तेव्हा कोणाला विचारून बसली, याचा उल्लेख आढळत नाही. महोदय, आपल्याच वाचनालयात ऐतिहासिक कादंबऱ्यांचे एक अख्खे कपाट आहे. त्यात घोडे धन्याचे मन ओळखून रडतात, एक हत्ती तर स्वप्नात येऊन गनिमाची वाट सांगतो. त्या हत्तीकडे कोणी पुरावा मागितल्याचे ऐकिवात नाही.

‘कापसाखालचा माणूस’बाबत उपसमितीने दुरुस्ती सुचवली. तपास नायिकेच्या भावाने करावा, नायिकेने त्याला चहा द्यावा व योग्य वेळी एखादी गोष्ट सुचवावी, असे लेखकास कळवावे. नायिका दिवसभर जिनिंगमध्ये हिंडते तेव्हा घरी स्वयंपाक कोण करते, याचाही खुलासा मागवला. खुनी कोण यापेक्षा भाकरी कोणी केल्या हा प्रश्न उपसमितीला जास्त गूढ वाटला, याची आम्ही नोंद घेतली. दोन्ही शिफारशी फेटाळून त्याऐवजी रुखवत कसे मांडावे यावरची सचित्र पुस्तके घेण्यात आली. ती अजून कोरी आहेत, हवी तर पाहावीत.

४. शेवटी आम्ही बायांनी वर्गणी केली. मी बसने नांदेडला जाऊन दोन्ही पुस्तके आणली आणि वाचनालयाला भेट दिली. भेट स्वीकारताना सिद्रामप्पांनी हार घालून फोटो काढून घेतला. हार त्यांच्याच गळ्यात होता. फोटो झाल्यावर पुस्तके ‘तपासणीसाठी’ त्यांच्या घरी गेली. आम्ही दर आठवड्याला विचारत गेलो. ग्रंथपाल हरिओम दर वेळी मान खाली घालून म्हणायचे, “ताई, तपासणी चालू हाय.” एवढ्या काळात खुद्द दमयंतीने दोन खून उलगडले असते.

५. पावसाळ्याच्या तोंडाशी पुस्तके परत आली. ‘वेशीची किल्ली’च्या मुखपृष्ठावर गौराईच्या हातात तलवार होती. तलवार बाईच्या हाती शोभत नाही म्हणून तिच्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती. आता ती बाई लाटणे घेऊन गढीच्या तटावर उभी आहे असे दिसते. वेढा घालणारे पळाले त्याचे कारण प्रथमच पटते.

‘कापसाखालचा माणूस’चे शेवटचे प्रकरण मात्र पिना मारून बंद केलेले होते आणि वर शिक्का होता : ‘आक्षेपार्ह भाग. पिना काढल्यास सभासदत्व रद्द.’

६. येथे एक घरची बाब सांगणे भाग आहे. माझ्या सासूबाई लक्ष्मम्मा, ज्यांना आम्ही अव्वा म्हणतो, यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लातूरला ऑपरेशन ठरले होते. दुकान आवरून मी त्यांना रोज संध्याकाळी ही कादंबरी वाचून दाखवत होते. ऑपरेशनची त्यांना भीती होती, पण ती बोलून दाखवण्याचा त्यांचा स्वभाव नाही. त्या एवढेच म्हणत, “त्या मुनमाला मारलं कुणी ते कळू दे. मंग डोळ्याचं काय व्हायचं ते होऊ दे.”

पिनांपाशी येऊन मी थांबले. अव्वांनी विचारले, “का गं, झोपलीस का?” मी शिक्का वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “सभासद कोण हाय?”

“मी.”

“मी न्हाई ना? मंग आण इकडं.”

त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि चाचपत चाचपत एकेक पिन उपसली. सबब, नियमाचा भंग झालेला नाही, हे उपसमितीच्या निदर्शनास आणावे. पिना निघाल्या, तर आधीचे पान मागच्या पुठ्ठ्याला टाचलेले, आत प्रकरणाची पाने नव्हती. ब्लेडने शिवणीपासून कापून नेली होती. मी सांगितले तेव्हा अव्वांनी कापलेल्या जागेवरून बोट फिरवून पाहिले. “मेल्यांनी रिकाम्या पेटीला कुलूप लावलं,” एवढे बोलून त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. जेवल्या नाहीत. बहात्तर वर्षांच्या बाईला एका पुस्तकाने उपाशी निजवले, ही तक्रार कोणत्या विभागाकडे करावी ते मला माहीत नाही, म्हणून येथेच करते.

७. दुसऱ्या दिवशी मी सिद्रामप्पांच्या आडतीवर गेले. दुकानामागेच त्यांचे घर आहे. मी म्हणाले, “अप्पा, शेवटचं प्रकरण द्या.”

“ते बायांनी वाचण्यासारखं न्हाई.”

“तुम्ही वाचलंत का?”

“पहिलं पान वाचलं. माणसाला तेवढ्यात कळतंय की.”

त्या पहिल्या पानावर काय होते ते मला नंतर समजले. दमयंती एका आडत्याच्या दुकानात शिरते आणि हमालांदेखत त्याला म्हणते, “शेठ, गादीवरून उठा.” खुनी आडत्या निघतो. कादंबरी हदगावची, आडत्या कल्पनेतला, तरी सिद्रामप्पांनी तो आपल्या अंगाला लावून घेतला. मी पाने परत मागितली तेव्हा म्हणाले, “बंबात गेली.” नांदेडच्या दुकानात फोन केला तर प्रत संपलेली, पुढची आवृत्ती कधी ते सांगता येत नाही. म्हणजे रेणापुरात ते प्रकरण आता कुठेच नव्हते.

मी मागच्या दाराने निघाले तर सिद्रामप्पांच्या पत्नी रत्नम्मा तिथे ज्वारी पाखडत होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्या कधी वाचनालयात आल्या नाहीत. एकदा सभासद व्हायचे म्हणाल्या, तर घरात एक सभासद आहे की, असे उत्तर मिळाले होते. सूप न थांबवता त्या हळू आवाजात म्हणाल्या, “अंबिका, पुस्तक तपासणीला घरी आलं तवा आधी मीच वाचलं. पार शेवटपर्यंत. बुधवारी किती वाजता बसता गं तुम्ही?”

८. त्या बुधवारी रत्नम्मांनी शेवटचे प्रकरण तोंडी सांगितले. अव्वा पुढेच बसल्या होत्या. पहिल्यांदा रत्नम्मांचा आवाज फुटेना, पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. दमयंती आडतीची पायरी चढली तसा तो फुटला. कादंबरीत असे आहे की, दमयंतीला सगळे कळलेले असते, पण साक्ष द्यायला एकही माणूस पुढे येत नाही. तेव्हा आडत्याची बायको माजघरातून बाहेर येते आणि सगळ्यांसमोर सांगते, “त्या दिवशी ह्यांच्या सदऱ्याला कापूस होता. मीच झटकला. आन् झटकून गप बसले.”

रत्नम्मांनी हे सांगितले आणि स्वतःच थांबल्या. अव्वांनी चाचपून त्यांचा हात धरला, म्हणाल्या, “चांगली बोलली गं बाई.” ती कोणती बाई, हे मी विचारले नाही. दोन दिवसांनी अव्वा स्वतःच्या पायांनी ऑपरेशनला गेल्या. आता काळा चष्मा लावून ‘वेशीची किल्ली’ स्वतः वाचतात.

या सांगण्यात रत्नम्मांकडून एक गोष्ट घडली, ती लपवत नाही. कादंबरीतला आडत्या खोटे बोलण्याआधी दोनदा खाकरतो. हे मूळ पुस्तकात असल्याचे आम्हाला खात्रीने सांगता येत नाही. परंतु गोष्ट घरोघरी गेली, ते खाकरणे सगळ्या मोंढ्याने ओळखले आणि तिसऱ्या दिवशी लिलावात सिद्रामप्पा भाव सांगण्याआधी खाकरले, तर हमालसुद्धा हसले.

९. त्यानंतर उपसमितीने तातडीने ठराव केला की, काढून टाकलेला मजकूर तोंडी सांगणे हा नियमभंग असून महिला कक्ष दुरुस्तीसाठी बंद करण्यात येत आहे. कुलूप लागले. दुरुस्तीचे सामान म्हणून आत सोयाबीनची पोती गेली. ती कोणाच्या आडतीची, हे पोत्यांवर छापलेले आहे. दमयंतीचीही गरज नाही, इतका हा तपास सोपा आहे. सोयाबीनला अनेक वर्षांत मिळाले नसेल असे वाचनाचे वातावरण त्याला मिळाले आहे, त्याने आमचे समाधान होत नाही.

१०. कट्टा आम्ही बंद केला नाही. गेल्या बुधवारी वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसलो. पहिल्यांदा ज्यांना ऐकायला मिळाले नव्हते त्या बाया आल्या, त्यांच्या जावा आल्या, म्हणून रत्नम्मांनी प्रकरण पुन्हा सांगायला घेतले. समोरच्या पानटपरीशी सिद्रामप्पा उभे होते. पान खाऊन झाले तरी हलले नाहीत. बायको साक्ष द्यायला बाहेर येते, नेमके तेव्हाच भोंगा लावलेली रिक्षा गेली आणि त्या बाजूला काही ऐकू गेले नसावे. सिद्रामप्पा रस्ता ओलांडून आले. आम्हाला वाटले, आता पायरीवरूनही उठवणार. ते रत्नम्मांसमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “शेवटी त्याची बायको काय बोलली?”

रत्नम्मा म्हणाल्या, “ते पान तुम्हीच कापलंत. माझ्या तोंडून ऐकायचं असंल तर बसा खाली.”

ते बसले. चपलांच्या शेजारी, सगळ्यात खालच्या पायरीवर. रत्नम्मांनी पहिल्यापासून सांगितले, एक शब्द गाळला नाही, खाकरणेही गाळले नाही. संपल्यावर सिद्रामप्पांनी विचारले, “असं बोलली ती?” रत्नम्मा म्हणाल्या, “बोलली.” ते उठून गेले. पोती मात्र अजून आतच आहेत.

११. तरी प्रार्थना की :

(अ) महिला कक्षाचे कुलूप काढून सोयाबीन त्याच्या मालकाकडे पोचवावे.

(आ) ‘वेशीची किल्ली’च्या मुखपृष्ठावरील पट्टी काढून गौराईला तिची तलवार परत द्यावी. पट्टी काढताना तलवार फाटल्यास आम्ही ती शाईने काढून घेऊ.

(इ) रत्नम्मांनी तोंडी सांगितलेले प्रकरण लिहून घेऊन, आता तेवढेच उरले असल्याने, पुस्तकात रीतसर शिवून घ्यावे. त्यासाठी आधी त्यांना सभासद करून घ्यावे लागेल. त्यांचा भरलेला अर्ज सोबत आहे. त्यात ‘पतीचे नाव’ या रकान्यात त्यांनी सिद्रामप्पांचे नाव लिहिले आहे व ‘आवडते पुस्तक’ या रकान्यात लिहिले आहे, ‘ते आता माझ्यापाशी आहे.’

(ई) यापुढे ज्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचले असेल, त्यांनीच ते कापावे.

निर्णय होईपर्यंत कट्टा पायऱ्यांवर भरेल. या बुधवारी ‘वेशीची किल्ली’ पहिल्यापासून पुन्हा सुरू करीत आहोत. आपण येऊ शकलात तर जागा ठेवू.

आपल्या उत्तराची पायरीवर बसून वाट पाहणारी,

(सही)
अंबिका रुद्रेश बिराजदार
रेणापूर, दि. १२ ऑगस्ट २०२५

सोबत : १) सौ. रत्नम्मा सिद्रामप्पा यांचा सभासदत्वाचा अर्ज. २) उपसलेल्या पिना, कागदात गुंडाळून. ३) श्रीमती लक्ष्मम्मा यांची सही. ऑपरेशननंतरची पहिलीच आहे, ओळीच्या थोडी वर गेली आहे, चालवून घ्यावी.