तेहतीस पिस्टन

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. कुणाला दाखवायची नाही. हिला तर मुळीच नाही.

बँडची वाद्यं दुरुस्त करायला शिकवणारा वर्ग आज सुरू झाला. शिक्षक मी. अठरा मुलंमुली, सगळी रिकामी बसलेली. वाद्यं परदेशातल्या कुठल्याशा शाळांनी दान दिली आहेत, म्हणजे त्यांची अडगळ आमच्या गळ्यात. तीन महिन्यांनी परीक्षक येणार. त्यांना पसंत पडलं तर वर्ग कायमचा, आणि शिक्षकही कायम. मेहुणा वर्ग चालवणाऱ्या संस्थेचा सेक्रेटरी आहे, पण माझी निवड निव्वळ अनुभवावर झाली. तीस वर्षं वाद्यांच्या दुकानात काढली आहेत. मी काउंटरवर पावत्या फाडायचो हे खरं, पण दुरुस्तीवाले म्हातारबाबा पडद्यामागे चार फुटांवर बसायचे. तीस वर्षं, चार फुटांवर! एवढ्या काळात माणूस डॉक्टर होतो.

एक मुलगी मला सर म्हणाली. दुकानात मला सगळे ‘अहो, शुक शुक’ म्हणायचे. घरी येताना दोन-दोन पायऱ्या चढलो. आता कायम व्हायचंच.

५ सप्टेंबर, गुरुवार

खोकी उघडली. किळस, किळस, किळस.

अकरा ट्रम्पेट, बाकी लहानमोठे कर्णे. आतून हिरवी बुरशी. एक ट्रम्पेट उलटा केला तर कसलंसं चिकट पाणी माझ्या बुटावर पडलं. हत्यारांच्या पेटीतल्या पुस्तकात त्याला नुसतं ‘पाणी’ म्हटलंय. पाणी कसलं डोंबलाचं! थुंकी आहे ती. दुसऱ्याची, आणि शिळी. सगळ्यात मोठ्या कर्ण्यात उंदराचं घरटं होतं, आणि ते रिकामं नव्हतं. पोरांत एक पूर्वी सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचा. त्याने पिल्लं हाताने उचलून डब्यात ठेवली, हात पँटला पुसला आणि त्याच हाताने केळं खाल्लं. मला जेवण गेलं नाही.

निश्चय : शिक्षकाने वाद्याला हात लावायचा नाही. लांबून, छडीने दाखवायचं. शिक्षकाने हात लावला की मुलांची विचारशक्ती मरते.

९ सप्टेंबर, सोमवार

विद्यार्थ्यांचा दर्जा यथातथाच. पंक्चरवाल्या पोराला मी पंक्चरच म्हणतो, तो नखं कापत नाही. त्याच्या शेजारचा मी बोलायला लागलो की जांभई देतो, त्याचं नाव जांभईच पडलंय. मला सर म्हणाली ती चष्मेवाली. आधी शिवणकाम करायची. बोलत नाही, नुसती वहीत लिहीत असते. माझी वाक्यं उतरवून घेत असणार. एक तरी पोरगी चांगली निघाली.

आज दोन तास वाद्यांचा इतिहास सांगितला. जांभया एकूण एकवीस. मी मोजल्या.

१७ सप्टेंबर, मंगळवार

हत्यारांच्या पेटीत एक जड लोखंडी वस्तू निघाली. दोन जाड पट्ट्या, दोन लांब स्क्रू. हे काय, म्हणून पंक्चरने विचारलं. हे असले प्रश्न मुद्दाम विचारतात. मी सांगितलं, पेपरवेट. परदेशात वारा फार असतो, तिकडे पेपरवेटसुद्धा दणकट लागतात. पटलं सगळ्यांना. हजेरीपटावर ठेवलं आहे. छान दिसतं.

मोरीत कुणीतरी चहाचे कप आणि ट्रम्पेट एकत्र धुतले. मी चहा सोडला.

२५ सप्टेंबर, बुधवार

एका ट्रम्पेटचं माऊथपीस, म्हणजे तोंडाला लावायचा भाग, नळीत घट्ट अडकलं होतं. मी म्हणालो, पक्कड घ्या. दोघांनी ट्रम्पेट धरला, जांभईने ओढलं. माऊथपीस जागेवरच राहिलं, नळीला मात्र पीळ बसला. जांभई म्हणाला, सर, हे टॉवेल पिळल्यासारखं झालं. उद्धट!

मग चष्मेवाली उठली. सर, हजेरीपटावरचं पेपरवेट घेऊ का, म्हणाली. दुसऱ्या एका ट्रम्पेटचं माऊथपीस असंच अडकलं होतं, त्यावर तिने त्या दोन पट्ट्या बसवल्या आणि स्क्रू थोडे थोडे फिरवले. टक्क! माऊथपीस अलगद तिच्या हातात.

सगळे माझ्याकडे वळले. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, हे तुमच्या लक्षात कधी येतं तेच बघत होतो, आठ दिवस लावलेत. त्यांना लाज वाटली असावी, कारण सगळे खाली बघत होते आणि खांदे हलत होते.

३ ऑक्टोबर, गुरुवार

हिने विचारलं, तुम्ही आजवर एकतरी वाजा स्वतः दुरुस्त केलाय का? वाजा! मी म्हणालो, शल्यविद्येचा प्राध्यापक काय स्वतः पोटं फाडत बसतो? ही म्हणाली, हो, फाडतोच. हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज माझ्या डोक्यातून एक अफलातून कल्पना निघाली.

ट्रम्पेटला बोटांनी दाबायचे तीन पिस्टन असतात. ही पोरं एक ट्रम्पेट घेतात, त्याचे तीन काढतात, धुतात, पुसतात, त्यातच परत घालतात, मग दुसरा घेतात. अख्खा दिवस जातो आणि मोरीत तो हिरवा चिखल साठत राहतो. मी म्हणालो, हा काय बावळटपणा? सगळ्या अकराचे सगळे पिस्टन एकाच टबात टाका. एकच साबण, एकच घाण, एकदाच.

चष्मेवाली म्हणाली, सर, प्रत्येक पिस्टनवर बारीक नंबर कोरलाय, लिहून ठेवू का? तिला पिस्टन लांब धरायला लावून पाहिला. मला काही दिसलं नाही. चष्मा लागलेला नाही मला, उजेड कमी होता. म्हणालो, कारखान्याची किंमत असेल, सोडून दे. ती काहीतरी बोलणार होती, पण मी टब आणायला सांगितलं.

तेहतीस पिस्टन, एक टब. बाहेर काढून पंच्यावर मांडले तेव्हा काय चमकत होते! पहिल्यांदाच ह्या खोलीत काहीतरी बघवत होतं. परीक्षक आल्यावर ही पद्धत आधी दाखवायची.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पिस्टन बसत नाहीत.

एक ढिला खडखडतो, एक अर्ध्यावर अडतो. सगळे सारखे दिसतात आणि एकही सारखा नाही. मुलांनी धुताना काहीतरी गडबड केली असणार. साबण जास्त झाला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

एक पिस्टन लाकडी हातोडीने हलकेच ठोकून बसवला. बसला. आता निघत नाही.

पंक्चर म्हणाला, सर, प्रत्येक पिस्टन त्याच्या त्याच्या नळीत घासून घासून बसवलेला असतो, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. हे तुला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. म्हणे, पेटीतल्या पुस्तकात चित्र आहे. ते पुस्तक ह्यांनी आधीच वाचलंय! शिक्षकाला न विचारता! मला इतकी चीड आली की दुपारी लवकर घरी आलो.

हिला सगळं सांगितलं नाही, थोडंच सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही जन्मात कुणाच्या उष्ट्या पेल्यातून पाणी प्यायला नाहीत, मग पिस्टनलाही आपलंच घर लागतं हे तुम्हालाच आधी कळायला हवं होतं. मी पांघरूण ओढून घेतलं. डोकं दुखत होतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

तीन दिवस वर्गात माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही. चष्मेवालीने कुठूनसं भिंग आणलं. ती नंबर वाचते, जांभई ओरडतो, पंक्चर ट्रम्पेट शोधतो, कारण तोच नंबर ट्रम्पेटच्या अंगावरही कोरलेला आहे. किंमत नव्हती ती. सापडला की तेल लावायचं, घालायचा, फुंकायचं. एकाच ट्रम्पेटला चौघं तोंड लावतात, मधे साधं पुसतसुद्धा नाहीत. मी खिडकीकडे तोंड करून बसलो.

संध्याकाळपर्यंत बत्तीस जागेवर. मी ठोकलेला तेहतिसावा तेवढा राहिला. तोही पंक्चरने तेल सोडून सोडून काढला आणि मला दाखवायला आणला. मी म्हणालो, तिकडे ठेव.

खरं तर ही शिकवण्याची आधुनिक पद्धत झाली. आधी अडचण निर्माण करायची, मग मुलांना सोडवू द्यायची. मेहुण्याला फोन करून तसं कळवलं. तो म्हणाला, ट्रम्पेट शिल्लक आहेत ना?

४ नोव्हेंबर, सोमवार

संस्थेचं पत्र. वीस तारखेला परीक्षक येणार. प्रत्येकाने एक ट्रम्पेट पूर्ण उघडून, साफ करून, जोडून वाजवून दाखवायचा. खाली एक ओळ : ‘शिक्षक म्हणून कायम होऊ इच्छिणाऱ्यानेही हीच परीक्षा द्यावी.’ मेहुण्याला विचारलं, ही ओळ कुणाची? तो म्हणाला, नियम आहे. आपलाच माणूस असून नियम!

असो. सोळा दिवस आहेत. निश्चय : उद्यापासून रोज एक ट्रम्पेट स्वतः उघडायचा.

५ नोव्हेंबर, मंगळवार

रबरी हातमोजे नव्हते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

हातमोजे आणले. आत पावडर असते, हाताला खाज सुटली.

११ नोव्हेंबर, सोमवार

ट्रम्पेट उघडला. आत एक केस होता. बंद केला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळे गेल्यावर चष्मेवाली थांबली. सर, एकदा माझ्यासमोर जोडून बघता का, म्हणाली. पिस्टन आत घालून फिरवायचा, बारीकसा टक असा आवाज येईपर्यंत, नाहीतर हवेची वाट बंद होते. मी म्हणालो, बाळ, तू जन्मायच्या आधीपासून मी ह्या धंद्यात आहे. ती बरं सर म्हणून गेली. मुलगी चांगली आहे, पण जरा आगाऊ होत चालली आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उद्या परीक्षा. पूर्ण आत्मविश्वास. शर्टाला इस्त्री केली. फुंकायचं कसं, एवढाच प्रश्न आहे. ज्या नळीत अठराजण थुंकले ती मी तोंडात धरू? ऐन वेळी काहीतरी सुचेलच. मला सुचतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

परीक्षक एक बाई निघाल्या. वाटलं होतं परदेशी साहेब येईल. ह्यांच्या बोटांना काळं तेल, नखांत पितळेची पूड. आल्या आल्या एका पोराच्या हातातला ट्रम्पेट घेऊन, न पुसता, फुंकून पाहिला. मी दोन पावलं मागे सरलो.

अठराच्या अठरा मुलांनी ट्रम्पेट जोडला, वाजवला. जांभईनेसुद्धा. मग मी. हातमोजे घालून उघडला, पुसला, जोडला, दिसायला सगळ्यात लखलखीत माझाच. बाई म्हणाल्या, वाजवा. मी माऊथपीस स्पिरिटने पुसलं. परत पुसलं. पाचव्यांदा पुसताना बाईंनी पेन खाली ठेवलं. मी म्हणालो, दाढ दुखते आहे.

चष्मेवाली लगेच उभी राहिली. सरांचा मी वाजवते, म्हणाली. तिने फुंकलं. हवाच जाईना. तिचा चेहरा लाल झाला. पण तिला दोष कळला होता. मी पाहिलं, तिची बोटं हळूच मधल्या पिस्टनच्या टोपीकडे गेली, फिरवायला. बाई म्हणाल्या, तू राहू दे, काय चुकलंय ते त्यांना सांगू दे.

मी म्हणालो, परदेशी मालात एकसारखेपणा नसतो.

मग बाईंनी मुलांना विचारलं, नंबर पाहून पिस्टन लावायला इतकं पक्कं कुणी शिकवलं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पंक्चर म्हणाला, सरांमुळेच कळलं. बाईंनी ते लिहून घेतलं. पोरगा खोटं बोलला नाही, म्हणूनच मला तिथे थांबवेना. मोरीवर जाऊन हात धुतले. बराच वेळ धुतले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

वर्ग कायम झाला. शिक्षक म्हणून चष्मेवालीची नेमणूक.

मेहुणा घरी सांगायला आला होता. हिने मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, भांडून मोकळा झालो असतो. ही नुसती ताट वाढून गेली. चष्मेवाली वहीत माझी वाक्यं लिहीत नव्हती. काल ती वही टेबलावर उघडी होती. पानोपानी नंबर आणि नळ्यांची चित्रं, माझा एक शब्द नाही. मला तिचा राग यायला हवा. येत नाही. तीन महिने मी त्या पोरांना घाणेरडी म्हणत खिडकीबाहेर बघत बसलो आणि ती शिकत होती. मला काहीही येत नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय.

मेहुणा जाताना म्हणाला, पुढच्या तुकडीबरोबर परत परीक्षा देता येते, पण वर्गाला बसावं लागतं. मी म्हणालो, माझा अपमान करू नकोस.

२ डिसेंबर, सोमवार

नवी तुकडी. सहज चक्कर टाकली. जुन्या माणसाचा आधार असला की नव्या शिक्षिकेला धीर येतो. शेवटच्या बाकावर बसलो, म्हणजे सगळ्यांवर लक्ष ठेवता येतं. शेजारच्या पोराला वाटलं मी कुणाचा तरी पालक आहे. मी म्हणालो, सल्लागार.

चष्मेवालीने हजेरी घेतली. नावं न घेता, नंबरानेच. अठरापर्यंत भराभर झाली. मग ती थांबली. पटावर बोट ठेवून जराशी घुटमळली, माझ्याकडे न बघता हळू आवाजात म्हणाली, एकोणीस.

कोण एकोणीस, म्हणून मीही इकडेतिकडे पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते. आदल्या दिवशी मेहुण्याने एका फॉर्मवर माझी सही घेतली होती, ती वाचून केली नव्हती, उजेड कमी होता.

हजर, म्हणालो.